मार्चअखेरची नीतिमत्ता

फाल्गुन लागला की आमच्या महाडात डोंगरांवरून धूर उतरतो. वर राब भाजत असतात. भाताची रोपं टाकायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, तोडून वाळवलेल्या फांद्या पसरायच्या, वर माती भुरभुरायची आणि लावून द्यायचं पेटवून. मग ते दिवसभर धुमसत राहतं. सकाळी खिडकी उघडली की दूधवाल्याच्या आधी तो वास घरात येतो. मला तो फार आवडायचा. आवडायचा म्हणते, कारण गेली कित्येक वर्षं तो आला की मी खिडकी लावून घेते. धुराचा त्यात काही दोष नाही. त्याच दिवसांत चर्चासत्रांची निमंत्रणंही येतात, दोष त्यांचा.

परवा असाच फोन आला. कुठल्याशा कॉलेजातला तरुण प्राध्यापक होता, आवाज गोड. "मॅडम, संशोधनातील नीतिमत्ता या विषयावर दोन दिवसांची कार्यशाळा ठेवलीय. एक सत्र तुम्ही घ्यावं अशी इच्छा आहे. मार्चअखेरच्या आत उरकायचीय." उरकायचीय म्हणे! मी विचारलं, "उद्घाटनाला कोण आहे?" त्यानं नाव सांगितलं आणि वर मोठ्या अभिमानानं म्हणाला, "सर आता विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीवर असतात." मी म्हटलं, "मला हल्ली दम लागतो हो, प्रवास झेपत नाही," आणि फोन ठेवला. दमबिम काही लागत नाही मला. ते नाव ऐकलं की आंघोळ करावीशी वाटते, एवढंच.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. ज्या बाईची ही हकिगत आहे तिचंही नाव बदललंय, तिच्या वाडीचं नाव गाळलंय आणि सुनंदाचंही खरं नाव सुनंदा नाही. त्यांची नावं झाकली ती त्यांना शब्द दिलाय म्हणून. त्याचं लिहीत नाही, कारण त्याला माझ्या कागदावर जागा द्यायची माझी इच्छा नाही. सगळे त्याला 'सर' म्हणायचे. मीही तेच म्हणेन, फक्त तोंड वाकडं करून.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा इथल्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. मार्च महिना म्हणजे सावित्रीच्या पात्रात नुसती डबकी उरलेली, रस्त्याकडेचे पांगारे लाल झालेले आणि बाजारात काजूच्या बोंडांचा तो आंबूस, घशात बसणारा वास. चवदार तळ्यावर लांबून लांबून माणसं यायची, एस.टी. स्टँडवर पाय ठेवायला जागा नसायची. पाणी पिण्याच्या हक्कासाठी जिथे माणसं उभी राहिली, तिथे डोकं टेकवायला आलेली ती बायकामुलं बघितली की मला बरं वाटायचं. आणि ह्याच दिवसांत सगळ्या कॉलेजांना जाग यायची की अनुदान शिल्लक राहिलंय. ते परत जायच्या आत कापडी पिशव्या, फोल्डर, पेनं यांची खरेदी व्हायची, मसालेभाताची ऑर्डर जायची आणि ह्या सगळ्याला विषय हवा म्हणून एखादा विषय शोधला जायचा. त्या वर्षी आमच्या प्राचार्यांना नीतिमत्ता सापडली.

शिकवणार कोण? मी. कारण मला वरिष्ठ म्हणून नाही म्हणता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला तो विषय शिकवायची हौसही होती. मी आठवडाभर बसून टिपण केलं. साध्या भाषेत लिहिलं होतं: जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून लिहू नये. दुसऱ्यानं लिहिलेलं आपलं म्हणून छापू नये. ज्यानं काम केलं त्याचं नाव द्यावं, नाही केलं त्याचं देऊ नये. आणि ज्यानं आपल्याला मनातलं सांगितलं, त्याचा घात करू नये. यात अवघड काय आहे? घरी लहान मुलाला आपण हेच सांगतो. पण सभागृहात पुढ्यात जे बसले होते, ते जिल्ह्याभरातले पदव्या घेतलेले लोक, त्यांना हे शिकवताना मला धाप लागली.

एक गृहस्थ पहिल्याच सत्रात उठून म्हणाले, "मॅडम, प्रमाणपत्र आज मिळणार की उद्या?" मी म्हटलं, उद्या. ते म्हणाले, "नाही, आज मिळालं तर उद्या यायला नको." दुसऱ्या एका बाईंनी फार निरागसपणे विचारलं, "प्रश्नावल्या थोड्या कमी पडल्या तर घरच्या लोकांकडून भरून घेतलेल्या चालतात ना? आमच्याकडे सगळे असंच करतात." सगळे असंच करतात, हे वाक्य त्या दोन दिवसांत मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मला त्या शब्दांचीच शिसारी आली. मधल्या सुट्टीत लोक विचारत होते ते रायगडाच्या रोपवेला, हिरकणीवाडीला कधी न्यायचं ते. वाङ्मयचौर्याबद्दलचं माझं टिपण एकानं शेजाऱ्याचं बघून उतरवून घेतलं. आणि याच्याही वरताण म्हणजे, पुढच्या वर्षी शेजारच्या तालुक्यातल्या एका कॉलेजनं ते टिपण जसंच्या तसं छापून वाटलं, खाली त्यांच्या विभागप्रमुखाचं नाव घालून. चोरी करू नये हे सांगणारा कागद चोरला! मी हसले तेव्हा. दुसरं काय करणार, कपाळ?

सुनंदा ह्याच सभागृहात मागच्या रांगेत बसलेली होती. ती माझी जुनी विद्यार्थिनी. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या माथ्यावर एक धनगरवाडी आहे, तिथली. पंधरावीस घरं, म्हशी, थोडी नाचणी-वरी, आणि खाली उतरायला पायवाट. त्या वाडीतून कॉलेजात आलेली ती पहिली. एम.ए. झाली, आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवायला लागली आणि विद्यापीठात पीएच.डी.ला नाव घातलं. मार्गदर्शक मिळाले ते हे सर. तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला होता! सर म्हणजे बडं प्रस्थ. खादीचा झब्बा, हळू आवाज, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. मला तो हात पहिल्यापासून आवडला नव्हता, पण आपल्या नावडीला कोण विचारतं.

सुनंदाचा विषय होता डोंगरावरच्या वाड्यांतली बाळंतपणं. आदल्या हिवाळ्यात सर तिच्याबरोबर वाडीवर गेले होते. सुनंदाची सख्खी आत्या तिथेच, दोन घरं सोडून राहते. तिला मी काशीआत्या म्हणेन. लग्न वाडीतल्या वाडीतच झालेलं, नवरा लवकर गेला, एकच मुलगा, तो मुंबईत हॉटेलात नोकरीला. सरांनी तिच्या ओट्यावर बैठक मारली. ताक प्यायले. पुढे टेपरेकॉर्डर ठेवलेला होता. आत्या त्याच्याकडे बघत गप्प बसली, तेव्हा सर म्हणाले, "हे बंद आहे हो आई," आणि त्याच्यावर आपला हातरुमाल टाकला.

त्या वाडीची एक रीत आहे. दारात आलेल्या पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही. पाणी मागा, ताक मागा, म्हशीचं वासरू मागा, "होय" म्हणतात. द्यायचं नसलं की "होय" म्हणून उठतात आणि गोठ्याकडे जातात, आणि शहाण्या पाहुण्यानं ते समजून घ्यायचं असतं. आत्या त्या दिवशी दोनदा उठून गोठ्याकडे गेली होती. सुनंदाला कळत होतं. सरांनी सुनंदाला इंग्रजीत सांगितलं की तू विचार, तुला सांगेल. मग सुनंदानं विचारलं. भाचीला काय, आत्यानं सांगितलं.

जे सांगितलं ते मीही आयुष्यात पुन्हा कुणाला सांगितलं नसतं. पण ते आता वर्तमानपत्रातच येऊन गेलंय, तर माझ्या गप्प राहण्याला अर्थ नाही. आत्याला जुळं झालं होतं, मुलगा आणि मुलगी. भर पावसाळा, वाट बंद, घरात नाचणीशिवाय काही नाही आणि अंगाला दूध एकालाच पुरेल एवढं. तिनं मुलाला पाजलं. मुलगी श्रावण बघायच्या आत गेली. वाडीत सगळ्यांना वाटायचं की मुलगी अशक्तच होती. मुलाला तर आपल्याला बहीण होती हेच माहीत नव्हतं. आत्यानं हे बावीसतेवीस वर्षं पोटात ठेवलं होतं.

आता परत सभागृहात या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी सरांचं सत्र. आल्या आल्या त्यांनी तक्रार केली की लॉजवर बरी खोली मिळाली नाही, गावात ही एवढी गर्दी कसली आहे? प्राचार्यांनी हळूच सांगितलं, तळ्यावरची. "अच्छा, अच्छा," म्हणून सरांनी घड्याळ बघितलं आणि पाच मिनिटांत व्यासपीठावर उभं राहून 'संशोधित माणसाची प्रतिष्ठा' यावर सुरू झाले. बोलतात फार सुंदर, ते मला कबूल करायला हवं. लोक पेनं खाली ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "संवेदनशील मुलाखत कशी घ्यावी, याचा एक नमुना ऐकवतो." आणि खिशातून कॅसेट काढली.

आधी म्हशीच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज आला. मग कुणीतरी खोकलं. मग स्पष्ट, तरण्या बाईचा आवाज: "सांग गो आत्या. माजा सबुद हाय तुला. हिकडचं तिकडं जानार नाय."

मी वळून मागच्या रांगेकडे बघितलं. सुनंदाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. कॅसेट पुढे चालली. आत्या थांबत थांबत बोलत होती, मध्ये श्वास घेत होती, त्या मुलीला कुठल्या कापडात गुंडाळलं ते सांगत होती. सभागृहातल्या बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. सर मान खाली घालून, डोळे मिटून, हात जोडून उभे होते, देवळात उभं राहावं तसे. त्यांच्यामागे पडद्यावर आत्याचा फोटो, ओट्यावर बसलेली, कपाळावर गोंदलेलं. आणि खाली वाडीचं नाव.

मी उठले, भिंतीपाशी गेले आणि टेपरेकॉर्डरची वायर उपटली. "हे बंद करा," म्हटलं. "ह्या बाईला विचारलंत का तुम्ही?" सरांनी डोळे उघडले. जराही गडबडले नाहीत. सभागृहाकडे वळून म्हणाले, "बघा, मॅडमना किती त्रास झाला. हीच ती संवेदना. संशोधकाकडे ही हवी." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी मला डोळ्यांनी खाली बसवलं. मी बसले नाही, बाहेर गेले आणि नळावर जाऊन चुळा भरल्या.

सुनंदा माझ्यामागे आली. रडली नाही. म्हणाली, "मॅडम, तो रुमाल होता ना, तो त्यांनी बटणं झाकायलाच टाकला असेल. लाल दिवा दिसू नये म्हणून." मग मी उघडा टाकलेला नळ तिनं बंद केला. "मी शब्द दिला होता," म्हणाली. "त्यांनी नाही. मी."

सरांना तिनं गाठलं ते जेवणाच्या रांगेत. हातात ताट, ताटात जिलबी. ते म्हणाले, "अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? तुझं नाव घालतो ना लेखात, सहलेखक म्हणून. माझ्यानंतर दुसरं." जणू काही पोरगी हिश्श्यासाठी भांडतेय! हा माणूस चाळीस माणसांना नीतिमत्ता शिकवून आला होता आणि जिलबीचा पाक बोटावरून चाटत होता. मला आजही लग्नात जिलबी वाढली की मी नको म्हणते.

सभागृहात गावातला एक बातमीदार बसला होता. दोन दिवसांनी बातमी आली: 'दुर्गम वाडीतल्या मातेची काळीज पिळवटणारी कहाणी'. फोटोसकट, गावासकट. फोटो त्याला दिला कुणी, हे विचारायची गरज नव्हती. तरी मी विचारलं तेव्हा सर फोनवर म्हणाले, "मी फक्त माहिती दिली, छापलं त्यांनी." मी एवढंच म्हटलं की तुमच्याशी बोलायची मला किळस वाटते, आणि फोन आपटला. एस.टी.डी.वाला दचकला बिचारा.

वर्तमानपत्र वाडीवर पोचायला वेळ लागत नाही. शिमग्यासाठी मुंबईचे लोक गावी निघालेलेच होते. आत्याच्या मुलानं ते पोलादपूरच्या स्टँडवर, चहा पिता पिता वाचलं. आईच्या फोटोखाली. तो घरी पोचला आणि आईशी बोललाच नाही. जेवायचा, उठायचा, बाहेर जाऊन बसायचा. हे सुनंदाला तिच्या भावानं येऊन सांगितलं. तो दुधाच्या किटल्या घेऊन खाली उतरायचा. जाताना पायरीवर थांबला आणि मान वर न करता म्हणाला, "यंदा तुज्या नावानं बोंब हाय. आयकलंस? येनार असशील तर ये."

याचा अर्थ सांगायला हवा. शिमग्याला बोंब सगळेच मारतात. पण त्या वाडीत ती नाव घेऊन मारतात. वर्षभरात ज्यानं कुणाचा विश्वासघात केला असेल, त्याचं नाव होळीसमोर मोठ्यानं घ्यायचं आणि सगळ्या वाडीनं बोंब ठोकायची. ज्याचं नाव घेतलं त्यानं पुढे यावं, नारळ होळीत टाकावा आणि काय असेल ते बोलावं. मग ज्याचं वाकडं झालं असेल त्यानं तो भाजलेला नारळ बाहेर काढायचा, फोडायचा आणि दोघांनी खायचा. खाल्ला की मिटलं, पुन्हा विषय काढायचा नाही. आणि नाव घेतलेला आला नाही तर? तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्या नावानं बोंब, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. असा माणूस वाडीत येतो-जातो, पण त्याच्या घरचं पाणी कुणी घेत नाही. सुनंदाचे म्हातारे आईबाप तिथे होते. तिला वाडी राहणार की नाही, एवढाच प्रश्न होता. पीएच.डी. वगैरे तिच्या डोक्यातून केव्हाच गेलं होतं.

"मॅडम, एकटीनं जाववत नाही," ती म्हणाली. मी चप्पल घातली.

त्या चढणीची आठवण अजून पोटऱ्यांत आहे. उतारावर जागोजाग राबाचे काळे चौकोन, त्यांच्या कडेनं अजून धुमसणारं शेण. करवंदीला पांढरी फुलं आलेली, त्यांचा वास धुरात मिसळून काहीतरी तिसराच वास झालेला. सावरीखाली लाल पाकळ्यांचा चिखल. सुनंदा पुढे चालत होती, पिशवीत एकच नारळ. मध्येच थांबून म्हणाली, "आत्या मला लहानपणी पाठुंगळीला घेऊन ह्याच वाटेनं शाळेत पोचवायची." आणि पुढे चालायला लागली. मी करवंदीची फुलं तोडत मागून गेले.

त्या वाडीत होळी दिवस मावळायच्या आधी लावतात, कारण नंतर धारा काढायच्या असतात. आम्ही पोचलो तेव्हा ढोल सुरू होता. आमच्याकडे कुणी बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बघितलं. होळी पेटली. पहिली बोंब एका दारुड्याच्या नावानं झाली, तो हसत हसत नारळ टाकून गेला. मग ढोल थांबला. आत्याचा मुलगा पुढे आला. मुंबईची जीन पँट, डोळे सुजलेले. त्यानं सुनंदाचं नाव घेतलं. पूर्ण, बापाच्या नावासकट. आणि सगळी वाडी बोंबलली, तिचा सख्खा भाऊसुद्धा.

मला राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हटलं, "अहो, हिनं काही केलं नाही! ज्यानं केलं त्याचं नाव घ्या ना! मी सांगते त्याचं नाव!" होळीपाशी बसलेले एक म्हातारे वाडीचे मुख्य होते. ते शांतपणे म्हणाले, "बाय, तो पावना. पावन्याच्या नावानं बोंब नाय मारीत. ही आमची हाय."

केवढा संताप आला मला! विद्यापीठात त्याला कुणी विचारायचं नाही कारण तो मोठा, आणि इथे विचारायचं नाही कारण तो पाहुणा. सगळीकडून सुटला. भोगायचं कुणी, तर जिला लाज आहे तिनं.

सुनंदानं नारळ आगीत टाकला. म्हणाली, "मी सबुद दिलेला. माज्या सबदावर आत्या बोलली. मी पाळला नाय." बस, एवढंच. सरांचं नाव घेतलं नाही, टेपचं सांगितलं नाही, रुमालाचं सांगितलं नाही. मी पुटपुटत होते, सांग ना, सांग ना.

आत्या उठली. काठीनं नारळ बाहेर ओढला, दगडावर आपटला. आतलं खोबरं तपकिरी झालेलं, गरम. एक तुकडा सुनंदाच्या हातावर ठेवला, एक स्वतः तोंडात टाकला. मग तिसरा घेऊन मुलासमोर गेली. मग त्यानं तो घेतला आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. आत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत एकच विचारत होती, "तुला पाजला तां काय चुकला रे माजा?"

आत्यानं शेवटी एक तुकडा फडक्यात बांधून सुनंदाला दिला. "ह्यो त्या सायबाला ने," म्हणाली. "बोंब नाय त्याच्या नावानं. पन खाऊ दे."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी विद्यापीठात गेलो. सुनंदाला मार्गदर्शक बदलून हवा होता, त्याचा अर्ज द्यायचा होता. अर्जाचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही. कुठल्याही मार्गदर्शकाला सरांशी वाकडं घ्यायचं नव्हतं, आणि आज ती एका हायस्कुलात शिकवते. सर आपल्या खोलीत होते. सुनंदानं फडकं सोडून तुकडा टेबलावर ठेवला. "आत्यानं दिलाय."

"वा, वा! प्रसाद!" म्हणून त्यांनी उचलला आणि तोंडात टाकला. चावता चावता म्हणाले, "भाजलेला दिसतोय. होळीचा का?" मी दारातच उभी होते. मला वाटलं, ही आता सांगेल याचा अर्थ काय आहे ते. तिनं सांगितला. अगदी सविस्तर, सरळ आवाजात: बोंब म्हणजे काय, नारळ कशासाठी, खाल्ला तर काय कबूल होतं. सरांचे डोळे चमकले. मला क्षणभर खरंच वाटलं की काहीतरी आत पोचलं. ते पुढे झुकले, रुमालानं बोटं पुसली आणि म्हणाले, "फारच इंटरेस्टिंग आहे गं! समूहाची न्यायव्यवस्था! ह्याच्यावर एक चांगला पेपर होईल. पुढच्या शिमग्याला मी येतो, तू फक्त लोकांना तयार करून ठेव."

सुनंदा "नाही" म्हणाली. मी तिला कुठल्याही पाहुण्याला, कुठल्याही वडीलधाऱ्याला तो शब्द उच्चारताना तोवर ऐकलं नव्हतं. सर हसले. त्यांना वाटलं, ती लाजतेय.

तिथून आम्ही थेट वाडीवर गेलो, कारण आत्या वाट बघत असणार हे ठाऊक होतं. ती ओट्यावर बसली होती. टेकू द्यायच्या आधीच तिनं विचारलं, "खाल्ला का गो त्यानं?"

"खाल्ला."

"काय बोलला?"

मी सुनंदाकडे बघितलं. खोटं बोलली असती तर मी तिला मनातून माफ केलं असतं. एका बाईला बरं वाटावं म्हणून, काय बिघडलं असतं? पण ती म्हणाली, "पुन्ना येतो बोलला. ह्या नारलावर पन लिवतो बोलला. लोकांना तयार कर बोलला मला."

आत्यानं विचारलं, "मग तू काय सांगलंस?"

"नाय म्हनले."

आत्यानं तिच्याकडे नीट बघितलं. रागानं नाही, मायेनंही नाही. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, कारण धारा काढायची वेळ झाली होती.

"पयल्या खेपेला म्हनायचंस ना गो," ती म्हणाली, आणि गोठ्याकडे गेली.